भाऊआजोबांची ट्रंक आणि 22 हजारांची रेकॉर्ड

पत्र

सप्रेम नमस्कार. मी सांगलीत गावभागात राहते, कॉलेजात शिकवते. माझे चुलत आजोबा, आम्ही त्यांना भाऊआजोबा म्हणायचो, 1940 च्या सुमारास नोकरीसाठी मुंबईत फोर्टात होते. ते जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची ट्रंक घरात आहे. आत चाळीसेक तबकड्या, सगळ्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या. 2019 च्या पुरात ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. गेल्या वर्षी मोबाइलवर जर्मन कंडक्टर (वाद्यवृंद-संचालक) फुर्टवेंगलरची 1942 सालची बर्लिनमधली, बीथोव्हनची नववी सिंफनी कानावर पडली आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. परदेशातला एक विक्रेता त्याच्याच 1944 सालच्या एरोइकाची, म्हणजे बीथोव्हनच्या तिसऱ्या सिंफनीची, युरेनिया कंपनीची मूळ एलपी 22 हजारांना देतोय. घ्यावी का? ट्रंकेतल्या एका संचात एकाच तबकडीवर बाजू 1 आणि बाजू 10 आहेत, म्हणजे संच चुकलाय का? कंडक्टर ब्रूनो वॉल्टरच्या, संगीतकार माहलरच्या सिंफनीच्या संचातल्या दोन तबकड्या फुटल्यात. एक तबकडी बिनलेबलची आहे, तिच्यावर हाताने 'सी. जे. हॉल, बाजू 3' एवढंच लिहिलंय, ती टाकून द्यावी म्हणते. दादाला सगळ्या तबकड्या एका जुन्या वस्तूवाल्याला 15 हजारांना ठोक द्यायच्यात, त्याआधी वास्तुशांतीला चावीच्या फोनोवर वाजवायच्यात. आणि आमचे हे म्हणतात, सांगलीत बसून हा नाद कुणासाठी?

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही जी तबकडी टाकायला निघालात, तिच्यापासूनच सुरुवात करतो. ती टाकू नका, वाजवू नका, पुसूही नका. आज फक्त एवढं करा: उजेडात धरून तिच्या मधल्या भोकाची कड आणि बाहेरची किनार नीट बघा. आत चंदेरी धातू दिसतो का? मधल्या भोकाशेजारी आणखी एखादं लहान भोक आहे का? तसं असेल तर ही कारखान्यात छापलेली रेकॉर्ड नाही, लॅकरची तबकडी आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेला असतो आणि कार्यक्रम चालू असतानाच मशीनची सुई त्या थरात रेघ कोरत जाते. टेप येण्याआधी रेडिओ केंद्रं आणि हौशी माणसं कार्यक्रम असेच टिपून ठेवत. छापील रेकॉर्डच्या शेकड्यांनी प्रती निघत. हिची बहुधा ही एकच.

हा थर मऊ असतो. दर वेळी सुई फिरली की थोडा झिजतो. वय झालं की त्यातली मेदाम्लं वर येतात आणि पांढरी भुकटी धरते, मग थर आकसतो, तडकतो आणि पत्र्यापासून सुटून पापुद्रे पडतात. पापुद्रे पडल्यावर त्यातून आवाज काढणं जवळपास अशक्य. तुमच्या सगळ्या प्रश्नांत खरी घाई कशाची असेल तर ती हिची आहे.

सी. जे. हॉल म्हणजे मुंबईचा कावसजी जहांगीर हॉल. आज तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, पण भाऊआजोबांच्या काळात तिथे पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होत. मेहली मेहतांनी 1935 साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. त्यांचा मुलगा झुबिन त्याच्या पुढच्या वर्षी जन्मला. मुंबईत वाद्यवृंद होता, श्रोते होते, आणि फोर्टात काम करणाऱ्या एका सांगलीकराला तो हॉल पायी जाण्याच्या अंतरावर होता. तबकडीवर मैफल आहे की एखाद्या समारंभातलं भाषण, हे ऐकल्याशिवाय कुणीच सांगू शकणार नाही. पण बाकीची ट्रंक वाद्यवृंदानेच भरलेली आहे, तेव्हा आशा ठेवायला जागा आहे. मुंबईत एनसीपीएकडे (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) विचारा, 1990 साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सच्या मंडळींकडे विचारा. जो माणूस तबकडीवरचा आवाज कॉम्प्युटरवर उतरवून द्यायला तयार होईल त्याला आधी दोन गोष्टी विचारायच्या: याआधी लॅकर हाताळली आहे का, आणि वेगवेगळ्या जाडीच्या सुया आहेत का. उत्तर गुळमुळीत आलं तर तबकडी त्याच्या हातात द्यायची नाही.

आता 22 हजारांची एलपी. घेऊ नका.

त्या एरोइकाची मैफल थोर आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. डिसेंबर 1944, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, युद्ध हरत आलेलं, आणि दुसऱ्या भागातल्या शोकयात्रेत तो वाद्यवृंद असा वाजतो की ऐकणाऱ्याने उठून उभं राहावं. जर्मन रेडिओकडे तेव्हा मॅग्नेटोफोन ही टेपची यंत्रं होती, बाकी जगाच्या कितीतरी पुढची, म्हणून हे मुद्रण एवढं जिवंत आहे. पण युरेनियाने 1953 साली ते फुर्टवेंगलरच्या परवानगीशिवाय बाजारात आणलं. त्याने त्याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि रेकॉर्ड मागे घ्यावी लागली. तिला आज भाव आहे तो या प्रकरणामुळे. ऐकायला ती मूळ एलपी सदोष आहे, कारण ती चढ्या वेगाने निघाली आहे. एरोइका ई फ्लॅट मेजरमध्ये आहे, म्हणजे आपल्या भाषेत काळी दोनमध्ये. घरात पेटी असेल तर काळी दोन धरून बसा आणि कुठूनही मिळालेली ती जुनी आवृत्ती लावा. पट्टी जवळजवळ पांढरी तीनवर गेलेली सापडेल. अर्धा स्वर चढला की नुसती पट्टी बदलत नाही, लयही वाढते आणि व्हायोलिनचा रंगसुद्धा पातळ होतो. तीच मैफल योग्य वेगाने उतरवलेली सीडीवर आणि ऑनलाइन सहज मिळते. 22 हजार मोजून तुम्हाला त्याच मैफलीची वाईट प्रत मिळेल.

पेटीची ही परीक्षा कायम हाताशी ठेवा. जुन्या तबकड्यांना 78 म्हणतात ते मिनिटाला 78 फेऱ्यांच्या वेगावरून, पण हा शिक्का नंतरचा आहे. 1925 च्या आधीच्या तबकड्या कधी 72 ला, कधी 80 च्या पुढे कोरलेल्या असतात. बीथोव्हनची पाचवी सी मायनरमध्ये, म्हणजे पांढरी एकवर उभी राहिली पाहिजे. नाही राहिली तर वेग चुकलाय. थोडासा फरक सोडून द्या, त्या काळी गावोगावच्या वाद्यवृंदांची स्वरजुळणीही एकसारखी नव्हती. मिरजेच्या तंतुवाद्यवाल्यांच्या शेजारी वाढलेल्या माणसाला हे मी वेगळं सांगायला नको.

दादांचा व्यवहार तुम्हाला वाटतो तितका वाईट नाही, हे आधी सांगतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचे छापील संच त्या काळी मुबलक विकले गेले आणि आज त्यातल्या बहुतेकांना फारसं गिऱ्हाईक नाही. लाल लेबल आणि कुत्र्याचं चित्र दिसलं की घबाड सापडलं असं नसतं. चाळीस तबकड्यांचे 15 हजार ही बाजाराच्या हिशोबाने रास्त रक्कम असू शकते. पण यादी न करता ट्रंक उचलून देणं मला मान्य नाही. आधी यादी, मग भावाबहिणींनी बसून काय ठेवायचं ते ठरवायचं, मग व्यवहार. यादीला एक रविवार पुरेल. लेबलवरचा क्रमांक लिहा: एचएमव्हीचा डीबी म्हणजे 12 इंची लाल लेबल, डी म्हणजे काळं, सी म्हणजे जांभळट. कोलंबियाच्या मोठ्या कलाकारांच्या 12 इंची तबकड्यांना एलएक्स असतं. मग लेबलाबाहेरच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला बारीक क्रमांक भिंगाने वाचा. तो मॅट्रिक्स क्रमांक, आणि खरी ओळख त्याच्यात आहे, कारण कोणत्या दिवशीचं कितवं वादन छापलंय हे त्याच्यावरूनच लागतं. तडा, टवका, घासलेली बाजू, सगळं लिहा. मोबाइलवर प्रत्येक लेबलचा फोटो काढा.

बाजू 1 आणि 10 चं कोडं सोपं आहे, तुमचा संच बिनचूक आहे. 12 इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावतात. दर चार मिनिटांनी उठायला नको म्हणून तबकड्यांची चळत लावून एकेक आपोआप खाली पाडणारे फोनो निघाले. त्यांच्यासाठी पाच तबकड्यांचा संच 1 आणि 10, 2 आणि 9, 3 आणि 8 असा छापत. पहिल्या पाच बाजू ओळीने वाजल्या की अख्खी चळत उलटी करायची आणि पुढच्या पाच ऐकायच्या.

आणि तो माहलर. दोन तबकड्या फुटल्या म्हणून त्याला भंगारात काढू नका. लेबलवर नववी सिंफनी, व्हिएन्ना फिलहार्मोनिक, वॉल्टर असं असेल तर ते 16 जानेवारी 1938 चं मुद्रण आहे, व्हिएन्नातल्या म्युझिकफेराइनच्या सभागृहात भरलेल्या मैफलीत केलेलं, दहा तबकड्या, वीस बाजू. ही सिंफनी माहलर गेल्यानंतर 1912 साली पहिल्यांदा वाजली ती याच वाद्यवृंदाने आणि याच वॉल्टरच्या हाताखाली. 1938 च्या त्या दिवशी वॉल्टर पुन्हा तिथे उभा होता, आणि व्हायोलिनांच्या अग्रभागी बसला होता आर्नोल्ड रोझे, माहलरचा मेहुणा, 1881 पासून त्या खुर्चीवर. दोन महिने गेले नाहीत तोच हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. ज्यू असल्यामुळे वॉल्टरला व्हिएन्ना बंद झालं. रोझेला आयुष्यभराची खुर्ची सोडून लंडन गाठावं लागलं. त्याची मुलगी आल्मा, तीही व्हायोलिनवादक, 1944 साली ऑशविट्झमध्ये मेली. मुद्रणात श्रोत्यांचं खोकणं ऐकू येतं. त्या सभागृहातल्या कितीजणांवर पुढच्या वर्षभरात काय ओढवलं असेल, या विचाराशिवाय मला तो शेवटचा संथ भाग ऐकता येत नाही. मुद्रण जपून ठेवण्याला अर्थ येतो तो अशामुळे. तबकडी कितीही सामान्य असो, कोण, कुठे, कोणत्या तारखेला हे तिला चिकटलेलं असलं पाहिजे. ते सुटलं की उरतो नुसता आवाज.

या मुद्रणावर देखरेख करणारा माणूस होता फ्रेड गायसबर्ग. हाच माणूस 1902 साली कलकत्त्यात आला होता आणि गायिका गौहर जानचा आवाज त्याने तबकडीवर घेतला होता. म्हणजे हिंदुस्थानी संगीताची पहिली मुद्रणं आणि माहलरची ही नववी, दोन्हींमागे एकच माणूस आहे. तबकडी ज्या लाखेची बनायची ती लाखही मुख्यतः आपल्याच जंगलांतून जगभर जायची. तुमच्या यजमानांना हे सांगा. आणि त्यांना असंही विचारा, की मिरजेच्या दर्ग्यात विसावलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज आज आपण कशातून ऐकतो? 1937 साली ते गेले, त्यांची मैफल समोर बसून ऐकलेलं कुणी आता नाही. खरखरीतून येणाऱ्या तीन मिनिटांवरच आपण त्यांना ओळखतो, आणि त्या खरखरीपलीकडचं ऐकायची सवय सांगली-मिरजेच्या कानांना पिढ्यांपासून आहे. वाद्यवृंदाची जुनी मुद्रणं ऐकायला नेमकी हीच तयारी लागते. नाद कुणासाठी, तर तुमच्यासाठी. त्याला आणखी कारण लागत नाही.

चावीच्या फोनोवर मात्र यातलं काहीही वाजवू देऊ नका, दादा कितीही रुसले तरी. त्या फोनोचा साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या घरातला भार पोलादी पिनेवर टाकतो, आजच्या टर्नटेबलवर 78 ला तीन ते पाच ग्रॅम पुरतात. पोलादी पीन एका बाजूला एक वापरायची असते. वास्तुशांतीच्या गडबडीत पीन कोण बदलणार? एकच पीन दहा वेळा फिरली की लाखेतली रेघ नांगरून निघते. हौस भागवायची तर बाजारातून आधीच घासलेली एखादी रेकॉर्ड आणा आणि ती खुशाल लावा, मुलांना फोनो बघायला मिळेल.

एलपीचे वाचलेले पैसे घालायचे तर 78 चा वेग असलेल्या, सुई बदलता येणाऱ्या टर्नटेबलमध्ये घाला. एलपीची सुई 78 च्या रुंद रेघेत तळाला जाऊन बसते आणि सगळा कचराच उचलते. 78 ला साधारण तीन हजारांश इंचाची सुई लागते, एलपीच्या सुईच्या तिपटीहून जाड. कॉम्प्युटरवर घेताना पहिली प्रत जशीच्या तशी, काहीही साफ न करता, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये ठेवा. खरखर काढायची सॉफ्टवेअरं हात सैल सोडला तर सभागृहाची हवाच काढून टाकतात. साफसुफी दुसऱ्या प्रतीवर करा.

पुसताना स्पिरिट, सॅनिटायझर, कोलनवॉटर यांचा थेंबही नको, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा थेंब, मऊ ब्रश रेघेच्या दिशेने, लेबल कोरडं ठेवून, आणि सावलीत उभं करून वाळवणं. लॅकरच्या तबकडीला यातलंही काही नको. माळ्याने पुरात वाचवलं खरं, पण पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मे महिन्यात लाख वाकते. पहिल्या मजल्यावर आतल्या भिंतीला लागून, उन्हापासून दूर, तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. आडव्या रचू नका. गावभागात तळमजला नकोच, हे तुम्हाला कृष्णेनेच शिकवलंय.

राहिला नवीन जमवण्याचा प्रश्न. वस्तू विकत घेण्याआधी निदान वर्षभर एका कृतीच्या मागे फिरा, असं मी सुचवेन. बीथोव्हनची पाचवी घ्या आणि बर्लिन फिलहार्मोनिकशिवाय दुसरा वाद्यवृंद घेऊ नका. 1913 साली त्यांचा कंडक्टर आर्थर निकिशने ती मुद्रित केली तेव्हा मायक्रोफोन नव्हता. वादक एका कर्ण्यासमोर दाटीवाटीने बसत, मंद्र आवाज कर्ण्यात नीट उतरत नसे म्हणून त्या काळी डबलबास या मोठ्या तंतुवाद्याच्या जागी ट्यूबा हे फुंकवाद्य वाजवत. निकिशनंतर 1922 मध्ये तो वाद्यवृंद फुर्टवेंगलरकडे आला. त्याची 1937 ची पाचवी मायक्रोफोनवर आणि 78 च्या तबकड्यांवर, स्टुडिओतली. 1943 ची टेपवर, युद्धकाळातल्या मैफलीची. आणि मे 1947 ची, नाझी काळाबद्दलची चौकशी संपून तो पहिल्यांदा बर्लिनच्या व्यासपीठावर परतला तेव्हाची. चारही ओळीने ऐकताना यंत्र कुठे बदललं, माणूस कुठे बदलला आणि काळ कुठे बदलला हे वेगवेगळं ओळखू येऊ लागेल. तो कान तयार झाला की विक्रेत्याची जाहिरात वाचून भुलायला होत नाही.

1942 च्या ज्या नवव्या सिंफनीने तुम्हाला झपाटलं, ती युद्धकाळातल्या याच रेडिओ मुद्रणांपैकी. 1945 मध्ये बर्लिनच्या रेडिओतल्या त्या टेप सोव्हिएत फौजांनी मॉस्कोला नेल्या, तिथे मेलोडिया या सरकारी रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या एलपी काढल्या, आणि 1987 मध्ये टेप बर्लिनला परत आल्या. बर्लिन फिलहार्मोनिकने स्वतः 1939 ते 1945 ची ही मुद्रणं 22 डिस्कच्या संचात काढली आहेत. पैसे साठवायचेच असतील तर या संचासाठी साठवा. ती मैफल नाझी राजवटीतल्या बर्लिनची आहे, समोर कोण बसलं होतं हे विसरून ती ऐकता येत नाही, आणि विसरूही नये. तुमची झोप उडाली त्यात थोडा वाटा याचाही असणार.

फुकट ऐकण्यासाठी इंटरनेट आर्काइव्हवर 78 च्या तबकड्यांचं मोठं दालन आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो, तेव्हा ट्रंकेतल्या छापील तबकड्या उतरवून ठेवायला तुम्हाला संकोच नको. सीडी घेताना कंडक्टरच्या नावाइतकंच मुद्रण उतरवणाऱ्याचं नाव बघा. वॉर्ड मार्स्टन किंवा मार्क ओबर्ट-थॉर्न दिसलं तर निर्धास्तपणे घ्या. आणि मोठ्या नावाच्या 'नव्याने सापडलेल्या' मैफलीला तारीख नि सभागृह नसेल तर हात आखडा. पियानोवादक दिनू लिपाट्टीच्या नावाने ईएमआयसारख्या कंपनीने शोपँचा पियानो कॉन्चेर्टो काढला आणि 1981 मध्ये उघड झालं की वादन हलिना चेर्नी-स्टेफान्स्काचं आहे. इतकी वर्षं जाणकारही फसले होते.

ट्रंकेत तबकड्यांखेरीज कागद असतील: मैफलींची कार्यक्रमपत्रिका, दुकानाची पावती, भाऊआजोबांची डायरी. ते कुणालाही विकू नका, दादांनाही हे ठासून सांगा. 'बाजू 3' लिहिलेल्या तबकडीला तारीख मिळाली तर ती त्या कागदांतूनच मिळेल. आणि बाजू 3 आहे म्हणजे 1 आणि 2 कधीतरी होत्याच. घरातल्या जुन्या फोटोंच्या फ्रेमांमागे, कपाटाच्या तळाला, मुंबईत राहिलेल्या नातेवाइकांकडे एकदा विचारून बघा.